दमगिरी, आणि एका भोंग्याचे दोन अर्थ

१४ ऑगस्ट २००५, रविवार. सायप्रसच्या लार्नाका विमानतळावरून सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी हेलिओस एअरवेजचे बोइंग ७३७ अथेन्सकडे निघाले. तिथून पुढे ते प्रागला जाणार होते. विमानात ११५ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. सुट्ट्यांचा हंगाम असल्याने कुटुंबेच्या कुटुंबे निघाली होती, लहान मुलेही होती. लार्नाका ते अथेन्स हा प्रवास दोन तासांचाही नाही. पण हे विमान जवळपास तीन तास हवेत राहिले, अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपल्यावर ग्रामॅटिको गावाजवळच्या डोंगरावर कोसळले. १२१ पैकी एकही जण वाचला नाही.

बॉम्ब नव्हता, अपहरण नव्हते, वादळ नव्हते. दोन्ही इंजिने शेवटच्या थेंबापर्यंत ठणठणीत चालली. चूक झाली होती ती वैमानिकाच्या डोक्यावरच्या पट्टीवरील एका बटणात. ते ‘ऑटो’वर हवे होते, ते ‘मॅन्युअल’वर राहून गेले.

मी विमानविद्येचा माणूस नाही, इतिहास वाचणारा आहे. या अपघातापर्यंत मी पोहोचलो तो एका जुन्या फारसी ग्रंथामुळे. म्हणून आधी त्याविषयी थोडे सांगतो.

ग्रंथाचे नाव ‘तारीख-ए-रशीदी’. लेखक मिर्झा मुहम्मद हैदर दुघलात. बाबराचा हा मावसभाऊ. पुढे १५४० मध्ये त्याने काश्मीर घेतले आणि १५५१ मध्ये मरेपर्यंत तिथे राज्य केले. पण त्याआधी तो काशगर-यारकंदच्या सुलतान सईद खानाच्या पदरी होता. १५३२ मध्ये सुलतानाने लडाख आणि तिबेटच्या दिशेने मोहीम काढली. मिर्झा हैदर त्या मोहिमेत होता आणि वाटेत माणसांचे काय झाले ते त्याने लिहून ठेवले. त्याने या आजाराला ‘दमगिरी’ म्हटले आहे. माणसाला धाप लागते, जणू पाठीवर ओझे घेऊन तो चढण धावत चढतो आहे. झोप लागत नाही. हातपाय सुजतात. मग तो बरळू लागतो, आणि वेळेत खाली नेले नाही तर मरतो. घोडेही यातून सुटत नाहीत. तिथल्या रहिवाशांना मात्र काही होत नाही, आणि आजारी माणसाला सखल भागात नेले की तो बरा होतो, हेही त्याने नोंदवले आहे. सोळाव्या शतकातल्या एका सरदाराने हकिमासारखे निरीक्षण करावे, याचे मला आजही नवल वाटते.

‘दम’ म्हणजे श्वास, ‘गिरी’ म्हणजे पकडणे. आपल्या मराठीतला ‘दम लागणे’, ‘दम धरणे’, ‘दमछाक’ यांतला दम तो हाच. फारसीतून आला आणि आपल्या जिभेवर असा बसला की परका वाटेनासा झाला.

१५३३ मध्ये परतीच्या वाटेवर खुद्द सुलतान सईद खान याच दमगिरीने मेला. सीमेवरच्या बातम्यांत आज ‘दौलत बेग ओल्डी’ हे नाव येते. तुर्कीत त्याचा अर्थ साधारण ‘मोठा माणूस जिथे मेला ती जागा’ असा होतो, आणि तो मोठा माणूस सईद खानच, असे अनेक जण मानतात. जवळची काराकोरम खिंड सुमारे १८ हजार फूट उंच आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मिर्झा हैदरला ऑक्सिजन ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण बरळण्याची त्याची नोंद महत्त्वाची आहे. विरळ हवा माणसाची छाती धरते तशी त्याची बुद्धीही धरते. पायी जाणाऱ्याला हे हळूहळू होते, सोबत्यांना दिसते, त्याला खाली आणता येते. वेगाने वर जाणाऱ्याचे तसे नसते. हे समजायला आणखी साडेतीनशे वर्षे लागली आणि दोन माणसांचा जीव गेला.

१५ एप्रिल १८७५ ला फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाचा फुगा तीन जणांना घेऊन आकाशात गेला. गास्तों तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिवेल. हवेच्या दाबावर मूलभूत काम करणारे शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी सराव केला होता. ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्या सोबत होत्या. तुम्ही नेता आहात तेवढा ऑक्सिजन पुरणार नाही, असे पत्र बेर यांनी पाठवले होते, पण ते उशिरा पोहोचले. फुगा आठ हजार मीटरच्या वर गेला. ऑक्सिजनची नळी हाताशी होती आणि ती तोंडाला लावायला हात उचलला जात नव्हता. तिसांदिए वाचले, बाकी दोघे मेले. तिसांदिएंनी नंतर जे सांगितले ते वाचून अंगावर काटा येतो. त्यांना त्या वेळी भीती वाटली नव्हती, त्रासही जाणवला नव्हता. उलट आतून एक आनंद दाटून आला होता.

बुडणारा माणूस धडपडतो, धुरात सापडलेला खोकतो. ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाला मात्र सगळे ठीक चालले आहे असे वाटते. आपण विचार करू शकत नाही, हे कळायलाही विचार करण्याची ताकद लागते आणि नेमकी तीच आधी जाते.

विमानात आपण हे सगळे विसरून बसतो, कारण केबिनमध्ये दाबाने हवा भरलेली असते. १९४० मध्ये बोइंग ‘स्ट्रॅटोलायनर’पासून प्रवासी विमानांत ही सोय आली. रचना ऐकायला सोपी आहे. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबाची हवा काढून, थंड करून केबिनमध्ये सोडतात. मागच्या बाजूला एक झडप असते, तिच्यातून हवा बाहेर जाते. झडप किती उघडायची ते यंत्रणा स्वतः ठरवते. म्हणून विमान ३४ हजार फुटांवर असले तरी आपल्याला फार तर आठ हजार फुटांवर बसल्यासारखे वाटते. बाहेर त्या वेळी हवेचा दाब जमिनीच्या एक चतुर्थांश असतो. बाहेरच्या चतुर्थांशापासून आपल्याला वाचवणारी चीज म्हणजे ती झडप.

आता लार्नाकाकडे परत जाऊ.

आदल्या रात्री हेच विमान लंडनहून आले होते. मागच्या उजव्या दरवाजाच्या कडेला बर्फ धरला होता आणि तिथून विचित्र आवाज येत होते, अशी तक्रार विमानातल्या कर्मचाऱ्यांनी नोंदवली. पहाटे जमिनीवरच्या अभियंत्याने हवा गळते का ते तपासले. ही तपासणी करताना दाबाचे बटण ‘मॅन्युअल’वर न्यावे लागते. तपासणी झाली, गळती सापडली नाही, आणि बटण तिथेच राहिले.

उड्डाणापूर्वीची तयारी, इंजिन सुरू केल्यानंतरची यादी, उड्डाणानंतरची यादी. हे बटण पाहायची वेळ तीनदा आली आणि तिन्ही वेळा ते नजरेतून सुटले. रोज हजारदा केलेल्या कामात डोळा जे असायला हवे तेच बघतो, हे नमाजच्या रकाती मोजताना गोंधळणाऱ्या कोणालाही सांगायला नको. मॅन्युअलवर झडप आपोआप बंद होत नाही. ती अर्धवट उघडीच राहिली. विमान चढत गेले आणि आतली हवा बाहेर जात राहिली.

उड्डाणानंतर पाच-सहा मिनिटांत, विमान १२ हजार फुटांच्या आसपास असताना, कॉकपिटमध्ये भोंगा वाजला. केबिनमधली हवा दहा हजार फुटांइतकी विरळ झाली, असा त्याचा अर्थ होता. पण या ७३७ मध्ये अगदी हाच भोंगा आणखी एका कामासाठी होता. जमिनीवर, उड्डाणाची तयारी चुकीची असेल, पंखांचे फ्लॅप वगैरे नीट लावलेले नसतील, तर तोच भोंगा तसाच वाजायचा. वैमानिक हा दुसरा अर्थ वारंवार ऐकतात. पहिला अर्थ बहुतेकांच्या उभ्या नोकरीत एकदाही कानावर पडत नाही.

कॅप्टन जर्मन होते, अनुभवी होते. सहवैमानिक सायप्रसचे. दोघांनी जमिनीवरचा अर्थ घेतला. विमान हवेत असताना तो इशारा वाजूच शकत नाही, हे त्यांना ठाऊक असणारच. पण त्या क्षणी ते आठवले नाही, आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला ते आठवण्याची शक्यता कमी होत गेली. थोड्याच वेळात उपकरणे थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा दिवा लागला. कारण तेच होते, हवा विरळ झाली होती. वैमानिकांना मात्र तो वेगळा बिघाड वाटला. विमान १८ हजार फुटांच्या सुमारास असताना मागे प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजन मास्क आपोआप खाली पडले. काराकोरमची उंची. मागे बसलेल्या प्रवाशांना काहीतरी बिघडले आहे हे दिसत होते, पुढे बसलेले दोघे पंख्यांच्या मागे होते.

कॅप्टन कंपनीच्या कार्यालयाशी रेडिओवर बोलत होते. तिथे तपासणी करणारा तोच अभियंता आला. त्याच्या जबाबानुसार, दाबाचे बटण ‘ऑटो’वर आहे का, असे त्याने विचारले. नेमका प्रश्न. उत्तरात कॅप्टननी पंख्यांचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत असे उलट विचारले. तुमच्या आसनामागे, असे सांगण्यात आले. ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास हे संभाषण थांबले. त्यानंतर कॉकपिटमधून त्या दोघांचा आवाज कोणालाही ऐकू आला नाही.

ऑटोपायलटला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने विमान ३४ हजार फुटांवर नेले, सरळ केले आणि अथेन्सजवळ पोहोचवून ठरलेल्या मार्गावर गोल फिरवत ठेवले.

प्रवाशांच्या मास्कमध्ये ऑक्सिजन सुमारे १२ मिनिटांचा असतो. तो एवढाच का, असा प्रश्न पडतो. उत्तर असे, की मास्क पडल्यावर वैमानिक काही मिनिटांत विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणणार, हे गृहीत धरलेले असते. प्रवाशाचा मास्क हा वैमानिकाच्या मास्कवर विसंबलेला आहे.

आखातात नोकरीला जाणारी, उमराहला जाणारी आपल्याकडची माणसे विमानातली सूचना ऐकत असतात: आधी स्वतःचा मास्क लावा, मग शेजारच्याला, मुलाला मदत करा. माझी एक खाला पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा तिला हे फार खटकले होते. “लेकराच्या आधी सोताच्या तोंडाला? कसली आई ती?” असे ती घरी आल्यावरही म्हणत होती. तिला मी सांगितले ते असे. ३५ हजार फुटांवर केबिनची हवा एकदम गेली तर भानावर राहायला अर्धे ते एक मिनिट मिळते. २५ हजारांवर तीन ते पाच मिनिटे. लेकराच्या कानामागे दोरी अडकवता अडकवता आईचाच हात थांबला, तर लेकराला पुन्हा कोण बघणार? मुलगा काही क्षण बेशुद्ध झाला तरी मास्क लावल्यावर शुद्धीवर येतो. वैमानिकांनाही हाच नियम आहे. भोंगा वाजला की आधी मास्क. कारण नंतर शोधायचे. मास्क लावून एकमेकांशी बोलता येते का ते पाहायचे, मग दाबाची पट्टी बघायची, दाब सावरत नसेल तर तातडीने खाली उतरायचे, आणि नियंत्रण कक्षाला कळवायचे. खाली डोंगर असतील तर दहा हजारांवरही थांबता येत नाही, म्हणून हिमालयावरून जाणाऱ्या विमानांना सुटकेचे मार्ग आधीच आखून ठेवावे लागतात.

हेलिओसच्या कॉकपिटमध्ये मास्क हाताच्या अंतरावर होते. झेनिथची नळी होती तसेच.

संपर्क तुटलेले विमान अथेन्सवर घिरट्या घालते आहे म्हटल्यावर अपहरणाची शंका आली. लंडनच्या बॉम्बस्फोटांना तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. ग्रीसच्या हवाई दलाची दोन एफ-१६ विमाने निघाली आणि ११ वाजून २४ मिनिटांनी त्यांनी हे विमान गाठले. जवळ जाऊन पाहिले तर कॅप्टनची जागा रिकामी, सहवैमानिक पुढे कलंडलेला, खिडक्यांतून लोंबणारे मास्क. विमान चोरणारे कोणीच नव्हते.

आणि ११ वाजून ४९ मिनिटांनी एक माणूस कॉकपिटमध्ये येऊन कॅप्टनच्या जागी बसताना लढाऊ वैमानिकांना दिसला. तो केबिन कर्मचाऱ्यांपैकी एक तरुण होता. त्याच्याकडे विमान चालवण्याचा परवाना होता, पण ७३७ चे प्रशिक्षण नव्हते. विमानात हाताने उचलून नेता येण्याजोगे ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर असतात, त्यांच्या जोरावर तो अडीच तास टिकला असावा. तो बसला आणि मिनिटाभरात डावे इंजिन इंधनाअभावी बंद पडले. त्याने मदतीची हाक दिली. ती कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सापडली, पण रेडिओ अजून लार्नाकाच्याच लहरींवर लावलेला होता. अथेन्समध्ये कोणी ऐकले नाही. दहा मिनिटांनी दुसरे इंजिनही थांबले. १२ वाजून ३ मिनिटांनी विमान जमिनीवर आदळले. त्या तरुणाने काय करायला हवे होते यावर बरेच लिहिले गेले आहे. मला त्यात पडायचे नाही. जो एकटा उठून पुढे गेला, त्याची झडती घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

लोक अफवांवरही जगतात. एका माणसाने, विमानातल्या नातेवाइकाने आपल्याला शेवटचा संदेश पाठवला, असा दावा टीव्हीवर केला. तो खोटा निघाला आणि त्याला अटक झाली. तोवर ती बातमी जगभर फिरली होती.

ग्रीसच्या चौकशी मंडळाचा अहवाल २००६ मध्ये आला. वैमानिकांनी बटण पाहिले नाही आणि इशारा ओळखला नाही, हे थेट कारण म्हणून त्यात आहेच. बहुतेक वर्तमानपत्रे ‘मानवी चूक’ एवढे छापून मोकळी झाली. पण अहवाल तिथे थांबत नाही. कंपनीच्या सुरक्षेच्या व्यवस्थेतल्या उणिवा, सायप्रसच्या नियामक यंत्रणेचा ढिलेपणा, आणि विमान बनवणाऱ्या कंपनीने आधीच्या घटनांनंतर केलेले अपुरे उपाय, हे सगळे त्यात नोंदवलेले आहे. आधीच्या घटना! म्हणजे या भोंग्याने वैमानिकांची गफलत होते हे २००५ च्या आधीच ठाऊक होते. त्या वेळी विमाने सुखरूप उतरली होती, म्हणून प्रश्न सूचनापत्रांवर भागवला गेला. इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा दिसते. मेलेल्या माणसाच्या नावावर चूक टाकणे सगळ्यांनाच सोयीचे असते, तो जबाब द्यायला येत नाही. माझ्या मते त्या दोघांची चूक होतीच, पण ज्याने एकाच आवाजाला दोन अर्थ दिले आणि ते घोटाळ्याचे आहे हे कळल्यावरही तसेच ठेवले, त्याची चूक त्यांच्या आधीची आहे. आणि ती पुरेसा ऑक्सिजन असलेल्या खोलीत बसून केलेली आहे.

अमेरिकेच्या विमान प्रशासनाने जुन्या ७३७ विमानांत दाबासाठी आणि उड्डाणाच्या तयारीसाठी वेगवेगळे दिवे बसवणे सक्तीचे केले, ते २०११ मध्ये. अपघाताला तेव्हा सहा वर्षे होत आली होती. दोन दिवे.

जमिनीवरून बोलणारा माणूस किती उपयोगी पडू शकतो याचे एक उदाहरण त्याआधीच घडून गेले होते. जुलै २००८ मध्ये अमेरिकेत कलिट्टा कंपनीचे छोटे लिअरजेट ३२ हजार फुटांवर होते. वैमानिकाचा आवाज दारू प्यायल्यासारखा जड येऊ लागला, मागे भोंगा वाजत होता. क्लीव्हलँडच्या नियंत्रकांनी ओळखले की माणसाला प्राणवायू मिळत नाही. प्रश्न विचारत बसण्याऐवजी त्यांनी त्याला सोप्या, छोट्या आज्ञा दिल्या: खाली या, आणखी खाली या. विमान ११ हजारांवर आले तेव्हा त्याच वैमानिकाचा आवाज स्वच्छ झाला होता. ते ध्वनिमुद्रण आज वैमानिकांना शिकवताना ऐकवतात. लार्नाकाच्या त्या अभियंत्याचा प्रश्न अचूक होता, पण तो प्रश्न होता. तोवर समोरच्या माणसाकडे प्रश्न समजून घेण्याइतकी हवा उरलेली नसावी.

आपल्या दारातही हे घडले आहे. २० सप्टेंबर २०१८ ला सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये १६६ प्रवासी होते. इंजिनाची हवा केबिनमध्ये सोडणारे ‘ब्लीड’ स्विच चालू करायचे राहून गेले. विमान चढू लागले तशी केबिनची हवा विरळ होत गेली, मास्क खाली पडले. सुमारे ३० जणांच्या नाका-कानातून रक्त आले, कित्येकांची डोकी ठणकू लागली. लोकांनी मास्क लावून मोबाईलवर चित्रफिती काढल्या, त्या दुपारपर्यंत आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर आल्या होत्या. त्याखाली वैमानिकांना दिलेल्या शिव्या होत्या, विनोद होते.

बटण दुसरे होते, गोष्ट मात्र तीच होती. फरक एवढाच की इथे वैमानिकांनी दाबाचा बिघाड ओळखला, चढणे थांबवले आणि विमान मुंबईला परत आणून उतरवले. त्यांना चौकशी होईपर्यंत उड्डाणावरून दूर ठेवण्यात आले. प्रवाशांवर विमानतळावर उपचार झाले, काहींना रुग्णालयात नेले, आणि बरेच जण त्याच दिवशी दुसऱ्या विमानाने जयपूरला गेले.